मोकळे नंबर

मेनफ्रेम या बँकांच्या मोठ्या संगणकाला प्रोग्रामने ठरलेला नंबर पाठवला, की तो त्या नंबरचं काम करून देतो. बरेच नंबर बनवणाऱ्या कंपनीनेच ठरवलेले असतात. थोडे मात्र वापरणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावेत म्हणून मोकळे ठेवतात. धुळ्यात घरी बसून एका परदेशी बँकेसाठी असे मोकळे नंबर ठरवायचे, ही माझी नोकरी.

लकव्याने वडिलांची, नानांची, वाचा गेली तेव्हा हीच पद्धत मी घरी लावली. पलंगाच्या कठड्यावर एक टकटक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदलायची, तीन म्हणजे लघवीचं भांडं द्यायचं. स्क्रीन आणि पलंग यांच्यात उठबस करून मी पार थकलो होतो.

आज दुपारी नानांनी चारदा वाजवलं. मी पाणी दिलं, कूस बदलली, भांडं लावलं. दर वेळी त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा चारदा वाजवलं.

"नाना, चार असं काही आपलं ठरलेलंच नाही," मी वैतागून म्हणालो.

कणकेच्या हातांनीच माझी बायको दिपमाला आली आणि त्यांच्या उशाशी टेकली.

"मी शे आठे, नाना."

ती इथेच आहे म्हटल्यावर नानांचा हात थांबला.

"चार त्यांनीच ठरवलंय," ती मला म्हणाली. "तेव्हा काही नको असतं. नुसतं जवळ बसायचं."

"मग मला कसं माहीत नाही?"

"मलाच वाजवायचे. तुम्हाला आज पहिल्यांदा वाजवलं."