बॉर्डर

कौस्तुभ आता कॅनडाचा नागरिक झाला, पण जपानी अ‍ॅनिमेचं लहानपणीचं वेड काही सुटलं नाही. डिस्क अमेरिकेतल्या एका ऑनलाइन दुकानात स्वस्त पडायच्या, पण ते दुकान कॅनडात पाठवत नसे. मग हा गडी दर महिन्याला गाडी काढून अमेरिकेच्या हद्दीतल्या गावी पार्सल आणायला जायचा आणि वाटेत हटकून गावी, आरोंद्याला, फोन लावायचा. "आये, बॉर्डरार आसंय. पार्सल घेतंय नि येतंय."

आरोंद्यात बॉर्डर म्हणजे खाडीवरचा पूल. पलीकडे गोवा, घरापासून दहा मिनिटं.

एरवी स्वतःच्या नवऱ्याला, महादूला, "तुमी कोण?" असं विचारणारी त्याची आई सावित्री त्या तिन्हीसांजेला खडबडून जागी व्हायची. "अवो, झील बॉर्डरार पोचलो. भात वायच ज्यास्त घाला." केस विंचरून, आबोलीचा वळेसर माळून ती ओसरीवर येऊन बसायची. जेवणवेळेपर्यंत कोणाची वाट बघत होती तेच विसरून जायची, आणि जास्तीचं ताट महादू उचलून ठेवायचा.

काल कौस्तुभचा फोन महादूने घेतला. "बाबा, दुकानवाले आता घरपोच पाठवूक लागलेत. बॉर्डरार जावचा कामच रवला नाय."

महादूने ओसरीकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला.



"तां आवशीक सांगू नको रे. तिका बॉर्डरार आसंय म्हणानच सांगत रव."