खालचा कप्पा

हेडबाईंनी पॅकेज पुन्हा परत पाठवलं होतं आणि वर फोनही केला होता.

हेडबाई हे नाव स्वयंसेवकांनी पाडलेलं. त्याने बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. पण स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या, जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या एका संगणक प्रणालीत कुणाचा प्रोग्राम घ्यायचा हे त्या ठरवत, आणि शाळेतली वही परत करावी तसं काम परत करत. त्याचा प्रोग्राम छोट्या वाचनालयांसाठी होता. पुस्तकांची देवघेव वेबपानावर व्हावी, आणि कुठल्याही वाचनालयाला तो एका झटक्यात बसवता यावा म्हणून त्याने त्याचं पॅकेज बांधलं होतं. नोकरी सांभाळून, संध्याकाळी डोळे फोडून.

"अहो, तुम्ही सगळं वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ओतलंय," स्पीकरवरून हेडबाई म्हणाल्या.

"तिथे ठेवलं की लगेच चालतं. सगळे तिथेच ठेवतात."

"सगळे चुकतात."

आतल्या खोलीतून बॅगेच्या चेनचा आवाज आला. चर्रर्र. त्याने दात आवळले.

आई मावशीकडे निघाली होती. "राहीन म्हणते काही दिवस," असं तिने सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. काही दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही. ती परत येणार नाही हे त्याला कळत होतं. जुनं घर विकून ती कायमची त्याच्याकडे आली, त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तरी ती पाहुण्यासारखीच राहत होती. चष्मा बॅगेत, कंगवा बॅगेत, औषधं बॅगेत. काही लागलं की पलंगाखालून बॅग ओढायची, चेन उघडायची, वस्तू घ्यायची, चेन लावायची. दिवसभर तेच. पोटच्या पोराच्या घरात माणसाने इतकं परकं वागावं, याचा त्याला राग येई, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटे.

"ऐकताय ना?" हेडबाईंनी विचारलं. "ते फोल्डर वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं. त्यात त्याची स्वतःची पानं असतात. तुमचं पॅकेज तिथे जाऊन पथारी पसरणार. मग एक दिवस तुमची नवी आवृत्ती येणार आणि त्याची पानं पुसून टाकणार. नाहीतर तो साफसफाई काढणार आणि तुमच्या फायली उचलून बाहेर ठेवणार."

"असं मुद्दाम कोण कशाला करेल?"

"मुद्दाम कुणीच करत नाही हो. त्याला वाटतं, आपलीच जागा आहे."

"पण बाई, प्रोग्राम चालतोय ना? मग तो कुठे ठेवलाय याच्याशी काय देणंघेणं?"

"पॅकेजमधून आलेल्या फायलींसाठी प्रणालीने वेगळी जागा राखून ठेवलीय. वाचनालयवाले जी माहिती भरतील तिच्यासाठी आणखी वेगळी. तिथे ठेवा. त्याला कुणी हात लावणार नाही. आज संध्याकाळपर्यंत पाठवलंत तर घेते."

फोन बंद झाला. चर्रर्र.

तो तरातरा आतल्या खोलीत गेला. आई पलंगावर बसून टॉवेलची घडी घालत होती. बॅग पुढ्यात, अर्धी भरलेली.

"कोण रे ती बाई? चांगली झापत होती तुला."

"सोड गं. कुठलं काय कुठे ठेवायचं त्यावरून घोळ चाललाय." त्याचा आवाज चढला होता. "आणि तुझं काय चाललंय? वर्षभर बघतोय. कधी म्हणून ती बॅग रिकामी केली नाहीस. समोर एवढं कपाट आहे, ते काय शोभेला?"

"केली होती की."

"कधी?"

"आले त्याच आठवड्यात. खालच्या कप्प्यात सगळं लावलं होतं." आईने टॉवेल बॅगेत ठेवला. "मग तू ते कॉम्प्युटरचं मोडकं मशीन घेऊन आलास. त्याच्या वायरींना जागा नव्हती, म्हणून माझे कपडे काढून पलंगावर ठेवलेस. घडी मोडू न देता ठेवलेस हो, खोटं कशाला बोलू."

तो आठवू लागला. मशीन आठवलं. वायरींचा गुंता सोडवत घालवलेली दुपारही आठवली. कपडे काही केल्या आठवेनात.

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"काय बोलायचं? कपाट तुझं."

त्याची कानशिलं तापली होती, पण आता रागवायचं कुणावर ते समजत नव्हतं. त्याने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात वायरी, चार्जर, बंद पडलेले कीबोर्ड, कशाचं काय ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक वस्तू ओढून काढू लागला. काही खांद्यावर टाकल्या, काही कवेत धरल्या. कप्पा रिकामा झाला तेव्हा तो खोलीच्या मधोमध ओझं घेऊन उभा होता. टेबल भरलेलं, खिडकी भरलेली, वरचे कप्पे तर ठासून भरलेले.

"आई, हे कुठे ठेवू?"

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कप्प्याकडे. तिने बॅग उचलली आणि पलंगावर उलटी केली. कपडे, औषधं, कंगवा, टॉवेल, सगळं बाहेर पडलं. चष्म्याचं घर घरंगळत उशीपाशी गेलं.

मग रिकाम्या बॅगेचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून तिने त्याच्यापुढे धरलं.

"घाल यात."