आजची तारीख

“अजून तसंच आहे,” व्हॅनवाले काका म्हणाले आणि त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

वर्तमानपत्राची वेबसाइट सांभाळणाऱ्या तिने न बघताच मान हलवली. काय दिसत असणार ते तिला पाठ झालं होतं. शाळेचं नाव आणि पुढे ‘व्हॅन’ एवढं शोधलं की सगळ्यांत वर तिच्याच साइटची बातमी येत होती: दारू पिऊन मुलांची व्हॅन चालवणारा पकडला. शेजारी काकांचा हसरा फोटो. पकडलेला माणूस शाळेच्या दुसऱ्याच व्हॅनचा होता. पण फोटो लावणाऱ्याला घाई होती, आणि जुन्या लेखातून हाताला लागला तो त्याने उचलला. तो लेखही कसला, तर सांभाळून गाडी चालवणाऱ्यांचं कौतुक करणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चूक सकाळीच सुधारली होती. फोटो काढला होता, वर ठळक अक्षरांत माफी मागितली होती. पान उघडलं तर ती दिसायची. पण उघडतंय कोण? शोधणाऱ्याला दिसत होती ती सर्च इंजिनने काल उचलून नेलेली जुनी प्रत. लोक मथळा वाचतात, फोटो बघतात आणि तिथल्या तिथे निकाल लावून मोकळे होतात. आणि आज संध्याकाळी शाळेत पालकांची सभा होती. व्हॅन काकांकडे ठेवायची की काढून घ्यायची, ते तिथे ठरणार होतं.

काका सकाळपासून तिच्यासमोर बसून होते. भांडले नाहीत, चहाही नको म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

कारण खोट कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी. ती माणसांसाठी नसते, सर्च इंजिनच्या यंत्रासाठी असते. कुठलं पान कुठे आहे आणि शेवटचं कधी बदललं, एवढंच त्यात लिहायचं. यंत्र येतं, यादी वाचतं आणि बदललेली पानं तेवढी घेऊन जातं. तिने मागे एक शक्कल लढवली होती. बदललेलं असो वा नसो, प्रत्येक पानापुढे रोज आजची तारीख. सुरुवातीला यंत्र धावत आलं, वाचक वाढले, साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मग यंत्राला कळून चुकलं की इथे रोजच ‘लांडगा आला रे आला’ चालतं. आज खरंच आला होता, तर ते ढुंकून बघत नव्हतं. पान पुन्हा बघा म्हणून तिने वेगळी विनंतीही पाठवली होती. ती रांगेत पडून होती.

तिने सगळ्या पानांच्या खऱ्या तारखा परत लावायला घेतल्या तेव्हा साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. निम्मी साइट शिळी दिसेल, कुणी फिरकणार नाही, एका माणसासाठी सगळ्यांच्या पोटावर पाय आणू नकोस, असं ते हळू आवाजात म्हणाले. तो एक माणूस हाताच्या अंतरावर बसला होता. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

तिने बटण दाबलं. आता आजची तारीख काकांच्या पानापुढे आणि आज खरोखर बदललेल्या इतर पानांपुढेच होती.

काकांनी फोन सुलटा केला. बघितला. पुन्हा उपडा ठेवला.

“म्हणजे ते यंत्र तुमचं ऐकत नाही?”

“नाही, काका. आम्ही रोज खोटं सांगत होतो. आता खरं सांगितलंय, पण विश्वास बसायला वेळ लागेल.”

काकांचा आवाज चढला नाही. “तुमचं समजू शकतो, ताई. तुम्ही खोटं बोललात. मी तर काही बोललोच नव्हतो.”

ती उठली आणि चला म्हणाली. कुठे निघालीस, असं साहेबांनी विचारलं. शाळेत, म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. वकिलाला विचारल्याशिवाय वर्तमानपत्राच्या नावाने अवाक्षर काढायचं नाही, जायचंच असेल तर गळ्यातलं ओळखपत्र इथे ठेवून जा, असं त्यांनी बजावलं. तिचा हात ओळखपत्राकडे गेला. मग तिने ते गळ्यात तसंच राहू दिलं.

व्हॅनमध्ये ती मागच्या सीटवर, लहान मुलांच्या जागेत गुडघे दुमडून बसली. गाडी रिकामी होती, तरी काका प्रत्येक वळणावर मुलं बसल्यासारखी हळू घेत होते.

फाटकाशी पालक जमले होते. काकांनी गाडी बंद केली, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

“आत जाऊन काय सांगणार?”

“आमचं चुकलं, म्हणून.”

“आणि ते तुमच्यावर ठेवतील विश्वास?”

फाटकाजवळच्या एका बाईने हातातल्या फोनमध्ये बघितलं, मान वर करून काकांकडे बघितलं, पुन्हा फोनमध्ये बघितलं आणि आपल्या मुलीला जवळ ओढलं. मुलगी मात्र ओळखीचं हसून व्हॅनकडे हात हलवत होती.

काकांचा हात दाराकडे गेला.

“थांबा,” ती म्हणाली आणि दार सरकवून आधी स्वतः खाली उतरली.