फक्त जाण्याचं तिकीट
बाबांचं डायलिसिस थांबवलं तर दहा दिवस, फार तर बारा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “मलाया, घरची तिकिटं बघ.” कॅनडाच्या अगदी उत्तरेला असलेल्या आमच्या पँगनिर्टुंग गावात डायलिसिसची सोय नाही, म्हणून सहा वर्षं ते माझ्याजवळ ओटावात राहत होते. मी हवामान बघितलं. इकलुइतपर्यंत मोठं विमान जातं, पण पुढचं छोटं विमान जानेवारीच्या वाऱ्यात कित्येकदा उडतच नाही. “वारा सुटला तर चार दिवस इकलुइतलाच जातील, बाबा. उपचार चालू ठेवू आणि मार्चमध्ये जाऊ.” “चार गेले तर सहा उरतील,” ते म्हणाले. “आणि मार्च आला की तू जून म्हणशील. ओळखतो मी तुला.” मी माझं येण्याजाण्याचं तिकीट काढलं, त्यांचं फक्त जाण्याचं. मंगळवारी शेवटचं डायलिसिस झाल्यावर त्यांनी तिथल्या नर्सबाईंचा हात हातात धरून निरोप घेतला आणि बुधवारी आम्ही निघालो. वाऱ्यानं आम्हाला इकलुइतला तीन दिवस अडवलं. चौथ्या दिवशी आम्ही घरी पोचलो. गीला आत्यानं जमिनीवर पुठ्ठा अंथरून गोठलेला कच्चा मासा कापला आणि बाबा मांडी घालून खायला बसले. सहा वर्षं त्यांचा प्रत्येक घास मी पथ्याच्या यादीशी ताडून बघितला होता. सवयीनं तोंडून गेलं, “बाबा, एवढा नको.” त्यांनी वर बघितलं नाही, शांतपणे चावत राहिले. आत्यानं सुरी माझ्याकडे सरकवली. पुढचा तुकडा मी मोठा कापला.