नुसता अहमद

"नाव काय लिहू?" गावची आशा सेविका मृणाली हिने विचारलं आणि जन्मनोंदीच्या कागदावर पेन टेकवलं.

अलिझाने मांडीवरच्या सात दिवसांच्या बाळाकडे पाहिलं. झैन हे नाव तिने चार महिने आधीच ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याने, जिब्रानने, कुवेतहून नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं होतं: तू आणि अम्मी काय ते ठरवा. अम्मीने, म्हणजे बिल्किसने, एकदाच म्हटलं होतं की सासऱ्यांचं नाव ठेवलंस तर मला बरं वाटेल. त्यानंतर तिने त्या विषयावर अक्षर काढलं नव्हतं. आणि गप्प बसणारी सासू बोलणाऱ्या सासूपेक्षा जास्त जड जाते.

पण अहमद? नाटे गावच्या जेटीवर उभं राहून अहमद म्हणून हाक मारावी, तर दहा माना वळायच्या. त्यातल्या चौघांचे तर पेपरात फोटो आलेले. आज अकीक्याच्या, म्हणजे बारशाच्या, जेवणाला ते चौघेही आले होते आणि पडवीत एका रांगेत बसले होते. मोठमोठी जहाजं जगभर फिरवून आलेले अहमद कप्तान. मुंबईत ज्यांच्याकडे हृदयाच्या ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने नंबर लागत नाही ते अहमद डॉक्टर. पुरस्कारवाले अहमद मास्तर. आणि वादळात एकोणीस खलाशी जिवंत परत आणणारा अहमद तांडेल.

गावाने प्रत्येकाच्या नावाला असं शेपूट लावलं होतं, नाहीतर एकाचा सत्कार दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा. एकदा पडलाही होता. मास्तरांचा हार तांडेलाला घातला गेला आणि पठ्ठ्याने शिक्षणाचं महत्त्व या विषयावर भाषणही ठोकलं.

सासऱ्यांना मात्र शेपूट नव्हतं. गाव त्यांना 'नुसता अहमद' म्हणायचं. जन्मभर खाडीत होडी चालवली, पूल झाल्यावर ती घरामागे उपडी घातली आणि सात वर्षांपूर्वी गेले. अलिझा रत्नागिरी शहरातली, तिने त्यांना पाहिलंही नव्हतं. पण 'नुसता' हा शब्द तिला खुपायचा. काहीच न झालेल्या माणसाचं नाव पोराला कशाला?

"झैन लिहा," ती म्हणाली.

मृणालीने 'झै' लिहिलं. पडवीतल्या माना तिच्याकडे वळल्या. बिल्किस उठून स्वयंपाकघरात गेली. आपण कुणाचा तरी अपमान केला असं वाटून अलिझाने हसत सारवासारव केली, की गावात अहमद काय कमी आहेत, त्यात आणखी एकाची भर कशाला.

"पन्नास-पंचावन वर्सांआधी एकच व्हता, पोरी," कप्तान म्हणाले. "तुजा सासरा."

मग त्यांनीच सांगितलं. तेव्हा पूल नव्हता आणि दवाखाना खाडीपलीकडे. पावसाळ्यात खाडीला असं उधाण यायचं की भलेभले तांडेल होड्या वर ओढून ठेवायचे. बाई अडली की लोक याच घराच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आणि जेमतेम विशीतला तो पोरगा हातातला घास टाकून उठायचा. होडीत बाई आणि सुईण मागे बसायच्या. तो पुढे उभा राहून वल्हं मारायचा, बाईकडे पाठ करून. तिला संकोच वाटू नये म्हणून पलीकडचा काठ लागेपर्यंत एकदाही मागे वळून बघायचा नाही. कप्तानांची आई त्या होडीतून गेली होती. मास्तरांची गेली होती, तांडेलाची गेली होती. कुणी कुणाला विचारलं नाही, पण पोरगा झाला की त्या बायांना एकच नाव सुचायचं.

"मी तर होडीतच झालो," डॉक्टर हळूच म्हणाले. "तरी चाचा वळला नाय. आईला पाठमोराच म्हणाला, रडला ना? मग झालं."

अलिझाला पूल आठवला. आठवड्यापूर्वी कळा सुरू झाल्यावर ती त्याच खाडीवरून गाडीने गेली होती. पूल ओलांडायला दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि तेवढ्यात तिने पुलावरच्या खड्ड्यांवरून ड्रायव्हरला दोनदा बोलून घेतलं होतं. तिने पडवीतल्या चार पिकलेल्या डोक्यांकडे पाहिलं. केवढी मोठी माणसं. आणि चौघंही एकाच होडीतून आलेली.

"कशाला सांगितलंत?" बिल्किस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात डाव तसाच. "बायांची गोष्ट हाय, कुटं बोलायची नाय, असं त्यांनी बजावलं व्हतं मला. पोटच्या पोराला पण मी कदी सांगितलं नाय."

मृणालीने पेनाचं टोपण लावलं.

"माझे बाबा कागदोपत्री हरिश्चंद्र," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "पण आमची मथुराआजी घरात त्यांना अहमदच म्हणायची. मरेपर्यंत. आम्हाला वाटायचं, म्हातारीची काहीतरी खोड."

अलिझाने बाळाला खांद्याशी घेतलं. मागच्या खिडकीतून उपडी होडी दिसत होती. तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता आणि एक कोंबडी तिच्या सावलीत बसली होती. रोज दिसणारी ती होडी ती आज पहिल्यांदा बघत होती.

"दुसरा कागद आहे?" तिने विचारलं.

मृणालीने पिशवीतून कोरा कागद काढला. न विचारताच 'अहमद' लिहिलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "कुठला?"

अलिझाने दारातल्या बिल्किसकडे पाहिलं. स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"नुसता."