मुका सांताबाबा

"तो वाघ काढ तिथून," मार्थाबाई सुनेला म्हणाल्या.

रंजीतानं नाताळच्या गव्हाणीतला लाकडी वाघ तिसऱ्यांदा उचलला. मेंढ्या, गाय, मरिया, योसेफ, धानाच्या तणसावर निजलेलं बाळ, आणि बाळाच्या उशाशी हा पट्टेदार. दोन वर्षांच्या कोलूनं ओठ काढले, आईच्या हातून वाघ ओढला आणि परत होता तिथं निजवला.

"राहू दे व आई," पियुष मोबाईलची काच पुसत म्हणाला. "गाव बेथलेहेम असंल, पण पोरगं वाघवाल्या वडशाचं आहे."

चार वाजत आले होते. दारावर कागदी तारा वाऱ्यानं गिरक्या घेत होता. कुकरमध्ये भाजलेल्या केकचा वास अंगणात उतरला होता. पियुषचे वडील गुलाबराव नातवासाठी सांताबाबा व्हायचं म्हणून जेवण होताच सायकल काढून बाजारात गेले होते. हिवाळ्यात, नाटकांच्या हंगामात, वडशात कुणाला दाढी, जटा, मुकुट, काहीही लागलं, की माणूस सरळ नाटकवाल्यांच्या मोहसीनकडे जातो. मोहसीन रंगभूषा करतो आणि कपडेही भाड्यानं देतो. सांताबाबाचा झगा त्याच्याकडे नव्हता, पण राजाचा लाल मखमली अंगरखा होता.

"मामाजीले सांगितलं ना, बोलायचं नाई म्हणून?" रंजीतानं विचारलं. "कोलू त्याईचा आवाज लगेच ओळखते."

"सांगितलं. मुका सांता येईल आज."

रंजीता दाराकडे पाहतच राहिली. पण तिची नजर सासऱ्याची वाट पाहत नव्हती.

तिचे वडील पत्रूभाऊ नदीपलीकडच्या गावात धान पिकवत. तीन वर्षांपूर्वी ती ख्रिस्ती देवळात पियुषशेजारी लग्नाला उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले होते, "त्या घरच्याईले माह्यं तोंड दिसणार नाई." आणि दिसलं नाही. कोलूच्या बारशाला निरोप गेला, उष्टावणाला गेला, पहिल्या वाढदिवसाला गेला. प्रत्येक वेळी रंजीतानं एक ताट वाढून झाकून ठेवलं आणि दिवस मावळल्यावर स्वतःच उघडलं. या नाताळाला तिनं दूधवाल्या इतवारीकडून सांगून पाठवलं होतं, 'नातू पळायले लागला, बाबा. एकदा तरी मांडीवर घे.'

इतवारी परत येऊन एवढंच म्हणाला, "ऐकलं त्याईनं. बोलले काईच नाई."

मागच्या फाटकाची कडी वाजली.

आधी लाल मखमल दिसली, मग जरीची किनार, मग छातीभर पांढरी दाढी. अर्धा राजा, अर्धा ऋषी, आणि खांद्यावर पोतं. दारातच तो थबकला, जणू पाय उंबऱ्याला विचारत होते.

"या, या सांताबाबा!" पियुषनं मोबाईल वर धरला.

सगळ्यांचे डोळे कोलूकडे गेले. अनोळखी माणूस दिसला की कोलू घर डोक्यावर घेत असे. आज त्यानं दाढी पाहिली, मखमल पाहिली, मग दुडूदुडू गेला, गव्हाणीतला वाघ उचलून सांताच्या हातात ठेवला आणि त्याच्या मांडीत असा बसला, जसं पाखरू आपल्या फांदीवर बसावं.

सांता खुर्ची सोडून खाली जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याचे हात थरथरत होते.

"थंडी वाजून राह्यली का?" मार्थाबाईंनी त्याच्या पोटात बोट खुपसलं. "आणि पोट कुठी गेलं तुमचं? मखमलीत माणूस बारीक दिसते म्हणतात, ते खरंच आहे."

पोत्यातून मुरमुऱ्याचे लाडू निघाले.

"लाडू? मी रिमोटची गाडी सांगितली होती. कंजूस कुठले!" मार्थाबाई म्हणाल्या.

सांतानं मान खाली घातली. कोलूनं त्याला करंजी भरवली. मग दुसरी. तिसरीही त्यानं निमूट खाल्ली.

"शुगर आहे तुम्हाले, शुगर!" मार्थाबाई ओरडल्या, आणि पदरानं त्याच्या दाढीतलं सारण झटकू लागल्या. "आज सण आहे म्हणून सोडलं. नाहीतर आमचे व्याही बरे. धानाचं पोतं उचलतील, पण नातवाले नाई उचलणार. दगडाचा माणूस!"

सांताला ठसका लागला. रंजीतानं पाण्याचा गडवा आणला आणि त्याच्याजवळ खाली बसली.

"मामाजी, तुम्ही बोलू नका, फक्त ऐका," ती हळू म्हणाली. "आई म्हणते तसा नाई माह्या बाबा. लहानपणी माह्या पायात काटा रुतला, तर मले खांद्यावर घेऊन जंगलातून घरापर्यंत आला, आणि काटा काढताना स्वतःच रडला. तो येत नाई, कारण आता कोणत्या तोंडानं यावं, हेच त्याले समजत नसंल. आजही ताट वाढून ठेवलं आहे मी. तुम्ही घरचे मोठे आहा. तुम्ही एकदा त्याले घेऊन या ना."

सांताच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरलं.

"तो मोहसीन गोंद फार कडक लावते," मार्थाबाई म्हणाल्या. "डोळे झोंबून राह्यले बिचाऱ्याचे." त्यांचाही आवाज मऊ झाला होता. त्यांनी चौथी करंजी स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडाशी नेली. "घ्या. पण रात्री गोळी घ्यायची, बरं का."

तेवढ्यात पुढच्या दारात सायकल आपटली. धापा टाकत, स्वेटरच्या बाहीनं कपाळ पुसत, रिमोटची गाडी काखेत मारून गुलाबराव घरात आले.

"माफ करा रे, उशीर झाला. सारा बाजार फिरलो. मोहसीन म्हणे, पांढरी दाढी एकच होती, ती सकाळीच पत्रूभाऊ घेऊन गेले."