स्क्रूवरची लाल रेघ

"भंगारात घाला ती सायकल, काका," दादाने तिसऱ्यांदा सांगितलं. "पंधरा वर्षं झाली तिला. गिअर पडत नाहीत, पडले तर टिकत नाहीत. हिला मी नवी घेऊन देतो."

मिस्त्रीकाकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सायकल स्टँडला टांगलेली होती, मागचं चाक अधांतरी. एका हाताने ते पेडल फिरवत होते, दुसऱ्या हाताने गिअरचा खटका ओढत होते. चेन एकेक चक्र चढत होती, मध्येच अडखळत होती.

दादाची धाकटी बहीण बाजूच्या स्टुलावर बसली होती. डावा हात गळ्यात अडकवलेला, हनुवटीवर चार टाके.

"माझी सायकल आहे," ती म्हणाली. "काय करायचं ते मी ठरवीन."

"माझी होती. तुला दिली."

"दिलीस ना? मग झालं."

दादाने स्वतःला नवी महागडी सायकल घेतली, तेव्हा ही जुनी बहिणीच्या गळ्यात मारली होती. वर मोठेपणाही मिळवला होता. पण त्याच सायकलवरून ती लागोपाठ तीन रविवार टेकडीच्या चढावर त्याला मागे टाकून गेली. तेही एक वेळ चाललं असतं. पण वर पोचून ती सगळ्या मित्रांदेखत बाटली पुढे करून उभी राहायची. "पाणी पितोस का, दादा?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. लहानपणापासून जिला मागच्या कॅरियरवर बसवून फिरवलं, ती पुढे गेली म्हटल्यावर ह्याच्या पोटात दुखणार नाही तर काय.

शनिवारी संध्याकाळी त्याने मागच्या गिअरचा एक स्क्रू सैल केला. बारीकसाच असतो, चेनला मोठ्या चक्राच्या पलीकडे जाऊ देत नाही. चढावर चेन उतरेल, हात काळे होतील, पोरगी वैतागून नाद सोडेल, एवढाच त्याचा बेत. रविवारी चेन उतरली ती थेट स्पोकमध्ये. चाक जागच्या जागी आवळलं, ती रस्त्यावर आपटली आणि मागून येणारा ट्रक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबला.

तिला उचललं त्यानेच. तेव्हा तो खरोखरच घाबरला होता, ते नाटक नव्हतं. पण तोंड त्याने उघडलं नाही. मित्रांनी सायकल परस्पर काकांकडे आणून टाकली, नाहीतर स्क्रू केव्हाच जागेवर गेला असता.

"केबल गंजलीय," काका म्हणाले. "गिअर अडखळतो तो त्यामुळे. ती बदलली की काम झालं."

"आज केबल, उद्या आणखी काही," दादा म्हणाला. "ज्या सायकलने हिला पाडलं ती परत घरात नको. आईला मी काय तोंड दाखवू?"

आईचं नाव काढताना त्याचा आवाज जरा ओला झाला. एवढा साळसूदपणा आणतात कुठून, देव जाणे.

"केबल गंजली म्हणून चेन स्पोकमध्ये जात नाही," काका म्हणाले. त्यांनी रॉकेलच्या फडक्याने मागचा गिअर पुसला, चष्मा चढवला आणि खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"इकडे ये, पोरी. हे दोन स्क्रू बघ. मी स्क्रू बसवला की त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढतो. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी बाजूला. बायको ओरडते माझी, पण सवय आहे. स्क्रू हलला की रेघ तुटते."

तिने बघितलं. वरच्या स्क्रूवरची लाल रेघ सरळ होती. खालच्याची अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे.

"खड्ड्यांनी झाला असेल ढिला," दादा म्हणाला. "जुन्या सायकलीचं सगळं आपोआप ढिलं होतं."

"वरचा नाही झाला." काकांनी त्याच्याकडे न बघताच स्क्रूड्रायव्हर उचलला. "ह्या स्क्रूला हात लावायचा नाही, असं मी आजवर एकालाच बजावलंय. इथे बसून शिकत होता तेव्हा."

चाक फिरून फिरून थांबलं.

"शनिवारी तू हवा भरून दिलीस मला," बहीण सावकाश म्हणाली. "आपणहून. मी आईला सांगितलंसुद्धा, दादा सुधारला म्हणून."

"मला वाटलं नव्हतं की..." दादा म्हणाला.

काकांनी स्क्रू फिरवला. दीड आटा. तुटलेली रेघ जुळून सरळ झाली.

"मग? घालू भंगारात?"

"केबल बदला," ती म्हणाली. "स्पोकही तपासा. हात बरा झाला की टेकडी आहेच."

ती उठली. सायकलच्या दांडीवरची बाटली तिने चांगल्या हाताने ओढून काढली. रस्त्यावर घासून बाटलीची एक बाजू खरवडून निघाली होती. बूच दातांनी उघडून तिने बाटली त्याच्यासमोर धरली.

"पाणी पितोस का, दादा?"